आक्कांच्या काखेतला कोंबडा

गळ्यात लिंग, कपाळाला विभूती आणि जन्मात अंड्याला हात न लावलेली एक लिंगायत बाई काखेत जिवंत कोंबडा घेऊन मंडईत मेथी निवडताना दिसली, तर कोल्हापूरचा माणूस जागच्या जागी थांबतो. आमच्या आक्का अशा रोज दिसतात. डाव्या काखेत कोंबडा, उजव्या हातात पिशवी. कोंबड्याची मान पदराबाहेर, आणि मेथीची जुडी बऱ्याचदा आक्कांच्या आधी तोच तपासतो.

"केवढ्याला दिला हो?" कुणीतरी नवखा विचारतोच.

"इकायचा न्हाई पावणं. वळण लावतोय त्याला," आक्का सांगतात आणि मेथीवाल्याशी घासाघीस पुढे चालू ठेवतात.

आक्का म्हणजे आमच्या समोरच्या घरातल्या बाई. साठी उलटलेली, आवाज खणखणीत. माहेर सीमेकडचं, त्यामुळे राग आला की पहिलं वाक्य मराठीत आणि पुढची कानडीत. त्यांचे यजमान आप्पा घराच्या पुढच्या खोलीत किराणा दुकान चालवायचे. आप्पा गेले आणि दुकानाचं शटर खाली आलं ते आलंच. मुलगी लग्न होऊन इचलकरंजीला. घरात उरल्या आक्का, साखरी नावाची मांजर आणि आप्पांचा कुत्रा टायगर. टायगर हे नुसतं नाव. दात गेलेले, एका डोळ्यानं दिसत नाही, दुसऱ्यानं दिसतं पण त्याचा त्याला काही उपयोग करायचा नसतो.

आप्पा गेल्यापासून हा टायगर बंद शटरला नाक लावून पडून असायचा. एक दिवस गल्लीत गुलाबी रंगात बुडवलेली पिल्लं विकणारा आला. आक्कांनी त्यातलं एक घेतलं.

"आक्का, तुमच्या घरात कोंबडीचं पिल्लू?" मी उडालोच.

"मला कशाला? टायगरला घेतलंय. त्याला बी कुणीतरी पायजे की ओ मास्तर!"

पिल्लाचं नाव ठेवलं गौरी. गौरी टायगरच्या पोटाच्या केसांत झोपायची आणि टायगर तिला झोपमोड नको म्हणून कूस बदलायचा नाही. रंग उडाला, पिसं आली, गौरी अंगणभर फिरायला लागली. मग एक दिवस आक्का मला हाका मारत आल्या. गौरीच्या डोक्यावर काहीतरी उठलंय, लालभडक सुजलंय, चार दिवस हळद लावतोय तरी उतरत नाही.

मी जाऊन पाहिलं. हळदीनं माखलेला उत्तम तुरा होता. सात पिढ्या ज्या घरानं कोंबडी फक्त दुसऱ्याच्या दारात पाहिली, त्या घराला तुऱ्याची ओळख कुठून असणार? आमचं घर पडलं तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं. मला ओळखायला वेळ लागला नाही.

"आक्का, ही गौरी नाही. हा कोंबडा आहे."

आक्का त्याच्याकडे बघत राहिल्या. "आणि मी ह्याला हळद लावत बसलोय! बोलायचं न्हाई व्हय रं तू?"

तो बोलला. दुसऱ्या दिवशी पहाटे बोलला आणि तेव्हापासून आमच्या घरातलं गजराचं घड्याळ कपाटात पडून आहे. गौरीचा गौऱ्या झाला.

इथवर सगळं गोड होतं. पण गौऱ्या वयात आला आणि घर आपलं आहे असा त्याचा समज झाला. पहिल्यांदा त्यानं साखरीवर झेप घेतली. साखरी जी कपाटावर चढली ती दूधसुद्धा वरच मागू लागली. मग टायगरच्या ताटलीत उभं राहायचं, टायगर जवळ आला की पिसं फुलवून दोन्ही पाय त्याच्या तोंडावर. ज्याच्या पोटाशी हा लहानाचा मोठा झाला, त्याच्याच चांगल्या डोळ्यापाशी एकदा ओरखडा उठला. टायगर मुकाट्यानं मागं सरला आणि पुन्हा शटरपाशी जाऊन पडला. जेवायलाही उठेना.

गल्लीला उपाय ठाऊक होता. एकच उपाय, आणि तो प्रत्येकानं आपापल्या मसाल्यासह सुचवला. कोपऱ्यावरचा बाळू म्हणाला, "आक्का, आमच्याकडं पाठवा. दुपारपातुर सुधारून देतो." आमच्या घरातूनही एकदा खोबरं भाजायची भाषा झाली. मी ती आवरली, पण मनापासून आवरली असं म्हणवत नाही.

इचलकरंजीहून मुलीचा फोन आला. "अव्वा, त्या मुक्या जीवाचा डोळा जाईल. नागपंचमीला मी येतोय. तोवर कोंबडा सुधारला तर ऱ्हाऊ दे, न्हाईतर मी जाताना घेऊन जातो आणि कुणाला तरी देतो."

कुणाला तरी म्हणजे काय, हे आक्कांना कळत होतं. त्या दिवशी त्यांनी भाकरी केली नाही.

आधी त्यांनी गौऱ्याला कानडीतून समजावलं. मग केरसुणी उगारली. केरसुणी बघून गौऱ्याला इतका आनंद झाला, की तो तिच्याशीच कुस्ती खेळायला लागला. शेवटी आक्का त्याला पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मारू नका, मारलं तर त्याला भांडण वाटतं. मागंही सरकू नका. अंगावर आला की उचलायचा, काखेत घट्ट धरायचा आणि मान सैल पडेपर्यंत सोडायचा नाही. टायगरला त्याच्यासमोर आधी वाढायचं.

आक्कांनी हे व्रतासारखं घेतलं. सकाळी गौऱ्या डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या उपड्या टोपलीखाली. त्याच्या डोळ्यांदेखत टायगर जेवणार, मग साखरी, मग हा. "आधी मामा, मग मावशी, मग तू. मामावर पाय उगारतोस व्हय रं? तुझं अंथरूण कोण हुतं, इसरलास?" टायगर मामा केव्हा झाला ते कुणी विचारलं नाही.

आणि पिसं फुलली रे फुलली की काखेत. आता कोंबड्याची मान सैल पडायला त्याच्या मर्जीवर वेळ लागतो, आणि आक्कांना घरची बाहेरची कामं असतात. त्यामुळे गौऱ्या त्यांच्याबरोबर गिरणीत गेला, मंडईत गेला, बारशाला गेला. एका सोमवारी मठातही निघाला. दारातल्या माणसानं अडवलं. "आक्का, हे काय घेऊन आलाय?"

"रागीट हाय म्हणून आणलाय. रागीट माणसांना आत सोडतासा की!"

तो माणूस हसून हसून बाजूला झाला. पण आक्का नियमाच्या पक्क्या. स्वतः पायरीवर बसल्या, तिथूनच हात जोडले. आत जाणारे सगळे त्यांच्यापाशी थांबून, गौऱ्याची चौकशी करून पुढे गेले.

पंचमीला मुलगी आली. आम्ही दोघं नवरा-बायको पुरणाचे कान्होले द्यायच्या निमित्तानं समोर गेलो. खरं तर निकाल ऐकायला गेलो होतो. आक्कांनी टायगरची ताटली मांडली आणि आज डालगं घातलंच नाही. टायगर वास घेत आला आणि खायला लागला. गौऱ्या तुरा ताठ करून ताटलीकडे निघाला. मुलीनं पुढे पाऊल टाकलं, आक्कांनी तिचा हात धरला.

गौऱ्या टायगरच्या तोंडाशी जाऊन थांबला. मान वाकडी करून त्यानं एक डोळा टायगरवर रोखला. मग ताटलीबाहेर सांडलेलं शीत उचललं, अजून एक उचललं आणि टायगरच्या कुशीला टेकून खाली बसला. टायगरला बरगड्यांशी ऊब लागली असावी. खाता खाताच त्यानं शेपूट एकदा जमिनीवर आपटली.

"ऱ्हाऊ दे बाई हा," मुलगी डोळे पुसत म्हणाली. आक्कांनी आम्हा सगळ्यांना दोन दोन कान्होले जास्त वाढले.

आता काखेतली वारी संपली, असं मी धरून चाललो. पण मुलगी परत गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी पाहतो तर आक्का आपल्या निघाल्या आहेत, आणि काखेत गौऱ्या. मान इतकी सैल, की डुलकी लागली होती त्याला.

मी फाटकापाशी गेलो. "आक्का, आता कशाला? सुधारला की तो."

आक्कांनी इकडे तिकडे पाहिलं. आवाज खाली आणला. त्यांना तो खाली आणता येतो हे मला तेव्हा कळलं.

"मास्तर, तो कवाच सुधारलाय. पंचमीच्या लई आधी." त्या गौऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "दुकान हुतं तवा दिवसभर माणूस समोर उभा असायचा. चहापत्ती द्या, गूळ द्या, पोरगी कशी हाय. आप्पा गेलं आणि शटर पडलं. मग मी ह्याच गल्लीतनं मोकळ्या हातानं मंडईला जाऊन येत हुतो, तर कुणी हाक मारत न्हवतं. कुणाचा दोष न्हाई. मला काय इचारणार? पण ह्याला घेऊन निघालं की पोरंसोरं, बाया, पावणं, समदी थांबवत्यात. बोलत्यात. चौकापातुर जायला सकाळ सरती माझी." त्यांनी गौऱ्यावर पदर सारला. "लोकांस्नी सांगू नका हं."

मी गौऱ्याच्या झोपलेल्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणालो, "नाही आक्का, नजर जरा तिखटच वाटते अजून. एवढ्यात सोडू नका."

"वाटती न्हवं?" आक्का एकदम म्हणाल्या. "मला बी तसंच वाटतंय!"

माझी बायको फाटकाजवळच्या खिडकीतून ऐकत होती. ती बाहेर आली आणि चहा टाकलाय म्हणून आक्कांना हाताला धरून घरात घेऊन गेली. चहा टाकलेला नव्हता, तो नंतर टाकला. आक्का स्वयंपाकघरात पाटावर बसल्या आणि गिरणीत कोण काय म्हणालं, मेथीवाला कसा फसवतो, साखरी कपाटावरून उतरली पण अजून रुसलीय, असं सगळं सांगत राहिल्या. गौऱ्या मांडीवर झोपला होता. चहा दोनदा झाला, मग पोहे झाले, आणि मंडई त्या दिवशी राहिलीच.