शिट्टी मारायची नाही!

उत्तर टोकाच्या आमच्या काराशोकच्या मुलखात ध्रुवप्रकाश दाखवावा तर हेयकानेच! हेयका म्हणजे मीच. स्वतःची स्तुती स्वतः करू नये म्हणतात. पण दुसरं कोणी करायला तयार नाही, त्याला मी काय करू? ढग कुठे फाटणार, उजेड कोणत्या टेकडीमागून डोकं काढणार, हे मला नुसत्या वासावरून कळतं. म्हणून त्या दिवशी बायकोला, बिरेतला, मी छाती ठोकून सांगितलं, "आज अशी सहल करतो, की तूरिदबाई खिशात!"

"आधी नाक पूस," बिरेत म्हणाली.

तूरिदबाई म्हणजे त्रोम्सोच्या एका सहल कंपनीच्या मुख्य बाई. ओस्लोचे पाहुणे घेऊन त्या माझी परीक्षा घ्यायला येणार होत्या. पास झालो तर अख्ख्या हिवाळ्याच्या सहली माझ्या. नापास झालो तर बिरेतच्या भावाच्या पेट्रोल पंपावर सॉसेज भाजायचे! मेहुण्याने माझ्या मापाचा ॲप्रनसुद्धा आणून ठेवला होता. एवढा आपलेपणा त्याने आमच्या लग्नातही दाखवला नव्हता!

रांधायला बिरेतने माझ्या माग्गाआत्याला सोबत दिलं आणि इथेच माशी शिंकली. आत्याच्या हाताला चव आहे, पण जिभेला धार आहे.

डिसेंबरात आमच्याकडे सूर्य रजेवर असतो. संध्याकाळी पाचलाच मिट्ट काळोखात गोठलेल्या नदीकाठी आमचा तंबू उभा होता. आत चुलीवर रेनडिअरचा रस्सा रटरटत होता आणि बाहेर मी भाषण ठोकत होतो.

"मंडळी, नियम एकच! उजेड दिसला की शिट्टी मारायची नाही. शिट्टी ऐकली की तो खाली उतरतो आणि माणसाला उचलून नेतो!"

"तुमचा विश्वास आहे यावर?" तूरिदबाईंनी विचारलं.

"छे हो! पाहुण्यांना गंमत वाटते, म्हणून सांगायचं," मी त्यांच्या कानात म्हणालो.

तंबूतून आवाज आला, "हेयक्या, ऐकू येतंय मला!"

तेवढ्यात एका पाहुण्याने तंबूत डोकावून आत्याला विचारलं, "आजी, तुमची रेनडिअर किती आहेत हो?"

अरे देवा! आमच्यात हे सख्ख्या भावालाही कोणी विचारत नाही.

"तुमचे बँकेत किती आहेत?" आत्या म्हणाली. पाहुण्याने डोकं झटकन बाहेर काढलं.

इकडे आकाश स्वच्छ, पण उजेडाचा पत्ता नाही. तूरिदबाई पाय आपटत होत्या. ते थंडीने की रागाने, ते कळत नव्हतं. मला मात्र भाजक्या सॉसेजचा वास येऊ लागला. आणि एकदम टेकडीमागून हिरवी रेघ उगवली! बघता बघता ती रुंदावली, सळसळली, अर्ध्या आकाशावर पसरली. पाहुणे "आई गं!" म्हणून ओरडले. तूरिदबाईंनी फोटोसाठी डाव्या हाताचा मोजा काढून दातात धरला आणि मी मनातल्या मनात तो ॲप्रन चुलीत घातला.

पण माझा चाप्पे! हा माझा कुत्रा. मोजा अस्सल कातड्याचा होता. त्याने उडी मारून बाईंच्या दातातून तो हिसकावला आणि नदीवरून धूम ठोकली!

आता आम्ही रेनडिअर राखणारी माणसं. कुत्रा पळाला की डोकं विचार करायच्या आत बोटं तोंडात जातात. अशी सणसणीत शिट्टी घातली मी, की पलीकडच्या काठाची कुत्रीसुद्धा भुंकायला लागली!

तंबूचं दार उघडलं. हातात पळी घेऊन आत्या उभी!

"कोणी मारली?"

"वारा असेल, आत्या."

"वारा तोंडात बोटं घालतो का रे, मेल्या?"

नेमका त्याच क्षणी उजेड डोक्यावर आला! हिरवा, तांबडा, जांभळा, खाली झेपावतोय असा. मी इतक्या वर्षांत असा पाहिला नव्हता. खरं सांगतो, मीही हळूच तंबूकडे सरकलो.

"आला! आत व्हा सगळे!" आत्याने पाहुण्यांना कोंबड्यांसारखं हाकललं, तूरिदबाईंना कॉलर धरून आत ओढलं, दार लावलं आणि त्याला पाठ लावून बसली.

"अहो, मी ध्रुवप्रकाश बघायला आलेय!" तूरिदबाई किंचाळल्या.

"बघितलात ना? आता तो तुम्हाला बघतोय. गप बसा."

"आत्या, माझ्या पोटावर पाय देतेस गं!" मी कळवळलो.

"आणि तू शिट्टी मारून सगळ्यांच्या जिवावर उठलास, त्याचं काय?"

धूर जायला तंबूला वर भोक असतं. त्यातून हिरव्या लाटा सरकताना दिसत होत्या. रेनडिअरच्या कातड्यांवर डोक्याला डोकं लावून सगळे उताणे पडले. आत्याने रस्सा वाढला, उजेडाने कोणाकोणाला नेलं त्याच्या गोष्टी सांगितल्या. पाहुणे भ्यायले, मग हसले, मग पुन्हा भ्यायले. आत्याने दार उघडलं तेव्हा आकाश धुतल्यासारखं कोरं होतं. चाप्पे अर्धा मोजा तोंडात घेऊन शेपूट हलवत होता. संपलं सगळं! मी मान खाली घातली.

"हीच सहल हवी," तूरिदबाई म्हणाल्या. "अख्खा हिवाळा!"

मी उडीच मारली. "बाई, तुम्ही नुसतं बघा, मी कशी..."

"तुम्ही नाही. माग्गाताई."

आत्याने पळी पुसली. "येईन. पण हा पण लागेल मला. ज्याने शिट्टी मारली तो तंबूबाहेर उभा राहील. उजेडाला न्यायचंच असेल, तर माझ्या पाहुण्यांना कशाला?"

तेव्हापासून माझी नोकरी पक्की आहे. आत मंडळी रस्सा ओरपतात, बाहेर मी आणि चाप्पे कुडकुडतो. आत्याची गोष्ट संपली की सगळे धावत बाहेर येतात. वर उजेड नाचत असतो, आणि हे त्याच्याकडे पाठ करून माझा फोटो काढतात! कारण आत्या शेवटी सांगते, "हाच तो. उजेड याला न्यायलाच आला होता, पण जवळून बघितलं आणि परत गेला!"