तरफ, टेकू आणि सासूबाईंची कवळी

सासूबाईंची कवळी पुस्तकांच्या कपाटाखाली गेली, तेव्हा ग्रंथपालांनी एक छोटासा निर्णय घेतला. काहीही झालं तरी पुस्तकं बाहेर काढायची नाहीत. रविवारची दुपार हातची गेली ती या निर्णयामुळेच.

झालं होतं ते असं. सासूबाई निवृत्त कवायत-शिक्षिका. संध्याकाळी जुन्या विद्यार्थिनी त्यांचा सत्कार करणार होत्या. भाषण पाठ झालं होतं, कपड्यांना इस्त्री झाली होती, आणि कवळी धुऊन पुसता पुसता त्यांना शिंक आली. त्यांची शिंकही मैदानभर ऐकू जाईल अशी. कवळी हातातून निसटली आणि फरशीवरून घसरत थेट कपाटाखाली गेली. ग्रंथपालांनी तत्परतेने झाडू घातला आणि ती आणखी आत, पार भिंतीपर्यंत ढकलली.

"अहो, पुस्तकं काढा ना," बायको म्हणाली. "कपाट हलकं झालं की सरकवू."

"क्रम मोडेल." पुस्तकं विषयवार, विषयात लेखकवार आणि लेखकात उंचीनुसार लावलेली होती. (त्यातलं एकही कित्येक वर्षांत कुणी वाचायला काढलं नव्हतं, त्यामुळे क्रम उत्तम टिकला होता.) "आणि ओझं कमी करून उचलण्यात कसली अक्कल? आपण तरफ लावू."

तरफेबद्दल त्यांनी त्याच आठवड्यात वाचलं होतं. बालविभागातल्या एका पुस्तकात चिमुरडी मुलगी लांब फळीच्या टोकावर बसून हत्ती उचलत होती. हत्तीसुद्धा खूश दिसत होता.

"टेकू ओझ्याच्या जितका जवळ आणि आपण जितके लांब, तितका जोर कमी लागतो," त्यांनी समजावलं.

"म्हणजे कामापासून लांब राहायचं," बायको म्हणाली. "ते तुम्हाला जमेल."

पलंगाची फळी निघाली. कुंडीखालची वीट आली. ग्रंथपालांनी फळीचं टोक कपाटाच्या पुढच्या कडेखाली सरकवलं, वीट फळीच्या बरोबर मध्ये ठेवली (सगळं कसं नीटनेटकं दिसलं पाहिजे) आणि दुसऱ्या टोकावर अंग टाकलं. कडकड आवाज झाला.

"हललं," ते म्हणाले.

"ती तुमची कंबर होती."

मग त्यांना स्वतःचंच वाक्य आठवलं. वीट कपाटाला जवळजवळ चिकटवली आणि ते लांबच्या टोकावर, म्हणजे स्वयंपाकघराच्या दारात, जाऊन बसले. टोक हळूहळू फरशीला टेकलं आणि कपाटाचे पुढचे पाय चांगले चार बोटं वर आले. खरोखर आले. ग्रंथपाल गुडघे हनुवटीला लावून बसले होते, पण चेहरा असा की सत्कार त्यांचाच आहे.

बायको पोटावर आडवी झाली आणि छत्रीची मूठ आत घालून चाचपू लागली. सासूबाई टॉर्च धरून सूचना देत होत्या.

"दावीकले."

"काय?"

"दावीकले गं."

बायकोने छत्री उजवीकडे नेली. सासूबाईंनी तिच्या डाव्या पायाला चिमटा काढला, तेव्हा कुठे दिशा कळली. कवळी खरखरत पुढे येऊ लागली.

"दिसली का?" ग्रंथपालांना राहवेना. ते जरासे चुळबुळले आणि कपाट डुगडुगलं. सासूबाई गर्रकन वळल्या आणि खास मैदानी आवाजात ओरडल्या, "उठू नका."

पण त्यातला 'नका' हिरड्यांतच अडकला. ग्रंथपालांच्या कानावर पडलं ते फक्त "उठूआ". शाळेत असताना त्यांनीही कवायत केली होती. ते ताडकन उठले आणि टाचा जुळवून उभे राहिले.

बायकोने हात बाहेर ओढला तो वेळेवर. कपाट धाडकन खाली आलं, दारं उघडली आणि पुस्तकं धबाधबा कोसळली. आरोग्यावर इतिहास पडला, इतिहासावर पाककृती पडल्या, आणि प्रवासवर्णनं तर खोलीभर फिरली.

मग बायको उठली, धूळ झटकली आणि रिकाम्या कपाटाला एका हाताने ढकललं. ते गपचूप बाजूला झालं. कवळी शाबूत होती. बायकोला हसू फुटलं. सासूबाईही तोंडावर हात धरून हसता हसता खुर्चीत बसल्या.

"पण तरफ चालली होती," ग्रंथपाल पुस्तकांच्या ढिगाऱ्यातून म्हणाले. "तुम्हीच मला उठवलंत."

सासूबाईंनी कवळी धुतली, बसवली, जबडा दोनदा मिटून पाहिला आणि स्वच्छ, ठणठणीत शब्दांत म्हणाल्या, "जावईबापू, इतकी वर्षं मी दातांनिशी बोलत आले, तुम्ही एकदाही ऐकलं नाहीत. आज बिनदातांची बोलले तर तत्काळ ऐकलंत. यापुढे तुमच्याशी बोलताना काढूनच ठेवत जाईन."