रिकाम्या खुर्चीला नमस्कार

आमच्या गच्चीवरच्या खोलीत राहणारा शिमोन साळवे रोज सकाळी एका रिकाम्या प्लॅस्टिकच्या खुर्चीच्या पाया पडायचा. पाया पडायचा म्हणजे आपल्यासारखं वाकून मोकळं व्हायचं नाही. आधी ताठ उभं राहायचं, हातावर हात ठेवून डोळ्यांपर्यंत न्यायचे, मग गुडघे टेकायचे, मग कपाळ फरशीला. जरा थांबून पुन्हा उभं. चुकलं की पहिल्यापासून. मी तुळशीला पाणी घालायला वर गेले की हा आडवा, मला पाय ठेवायला जागा नाही.

"अहो, त्या खुर्चीचा एक पाय डुगडुगतो, तिला कसला नवस बोललाय याने?" मी पहिल्याच आठवड्यात ह्यांना विचारलं. ह्यांनी नेहमीप्रमाणे पेपरमधून डोकं वर काढलं नाही.

शेवटी मी त्यालाच गाठलं. शिमोन खान्देशातल्याच नरडाण्याकडचा, ख्रिस्ती घरातला, गवंड्याचा एकुलता एक मुलगा. मिशनच्या लोकांनी त्याला कोरियात पाठवायचं ठरवलं होतं, तिथल्या एका वृद्धाश्रमात सेवेला. त्याआधी जळगावात राहून शिक्षण. पहाटे प्रार्थना, मग लॅपटॉपवर कोरियन बाईंचा तास, मग पाठांतर, मग पुन्हा बाई. भाषा आली तरच तिकीट.

"आणि ही खुर्ची?"

"ती आबांची, काकू," तो म्हणाला. "लांब जायच्या आधी आईबापाला असा नमस्कार करतात तिकडे. खन्जोल म्हणतात. आईला करून आलो. आबांना करायचा राहिलाय."

राहिलाय कसला! आबांनी बोलणंच टाकलं होतं. एकुलता एक पोरगा समुद्रापार चालला म्हटल्यावर त्यांनी एकच सांगितलं होतं, "जाशी ते जाय. मंग मना दारले येवू नको." त्याला वर्ष होत आलं होतं. शिमोनने मनाशी पक्कं केलं होतं की आबांना नमस्कार केल्याशिवाय गाडीत बसायचं नाही.

"आणि ते आलेच नाहीत तर?"

"बठ्ठं व्हई जाई, काकू."

हे त्याचं पालुपद. पाणी गेलं, बठ्ठं व्हई जाई. ताप आला, बठ्ठं व्हई जाई. सगळं होऊन जाईल म्हणे! मला अशा माणसांचा राग येतो, कारण त्यांच्याशी भांडता येत नाही.

दुपारपर्यंत कोरियनशिवाय बोलायचं नाही, हा त्याचा नेम. दारावर भाजीवाली आली की हा कोरियनमध्ये वांग्याचा भाव करायचा, ती खान्देशीत शिव्या घालायची, आणि वांगी व्यवस्थित पिशवीत पडायची. जेवायचं तर काड्यांनी. शेवभाजी काड्यांनी खाणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. रस्सा शर्टावर, शेव मांडीवर, आणि हा घाम पुसत पुन्हा काड्या सरसावतोय. मला बघवेना. मी तुरीच्या डाळीचं ताट त्याच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, "सराव करायचाय ना? मग खडे निवड." पठ्ठ्याने माझी वर्षाची डाळ काड्यांनी निवडून दिली. एवढी स्वच्छ डाळ तर मिलमधूनही येत नाही.

बोलायच्या सरावाला त्याला एक म्हातारं माणूस हवं होतं. ते आमच्या घरात तयारच होतं. माझे सासरे, नाना. रोज सकाळी शिमोन नानांसमोर मांडी घालून बसायचा, कमरेत वाकायचा आणि विचारायचा, "शिक्सा हाश्योस्सोयो?" म्हणजे जेवलात का. नाना आपल्या खान्देशीत गुडघेदुखी, केळीचा भाव, माझ्या हातच्या भाजीतलं कमी मीठ असं सगळं सांगायचे. हा मन लावून ऐकायचा आणि कोरियनमध्ये पुढचा प्रश्न विचारायचा. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नसे म्हणावं, तर खान्देशी शिमोनला माझ्यापेक्षा चांगली यायची. फक्त दुपारपर्यंत कबूल करायचं नाही!

त्यातच चहाचं प्रकरण झालं. मोठ्या माणसासमोर काही प्यायचं तर तोंड बाजूला वळवून प्यायचं, असं याने कुठेतरी वाचलं. झालं! कप हातात आला की हा नानांकडे पाठ करून फुरके मारणार.

"काय रे, मना तोंडले काय व्हयनं?" नाना भडकले.

मी समजावलं तेव्हा शांत झाले, आणि दुसऱ्या दिवसापासून तेही तोंड वळवायला लागले. "पोऱ्या तिकडे दखस, मंग मी एकलाच इकडे काय दखू?" असे दोघं पाठीला पाठ लावून चहा प्यायचे. पुढे हे ऐकून लॅपटॉपवरच्या बाई पोट धरून हसल्या. ती रीत दारूची होती, चहाची नव्हे! शिमोन बिचारा कानापर्यंत लाल झाला. पण सवय काही सुटली नाही, त्याचीही आणि नानांचीही.

संध्याकाळी तो घरी फोन लावायचा. फोन आई उचलायची. तो विचारायचा, "आबा घर शेतस का?"

"शेतस. आठेच बठेल शेतस," आई सांगायची. आबा तिथेच बसलेले असायचे. खोकल्याचा आवाज यायचा. बोलण्याचा नाही. फोन ठेवला की शिमोन पुस्तक उघडायचा आणि जरा जास्तच मोठ्याने पाठांतर करायचा. मी खालून हाक मारून खिचडी पाठवायचे. दुसरं काय करणार होते मी?

परीक्षा झाली. बाईंनी तासभर पिळून काढलं आणि पास केलं. तिकीट आलं, बॅग भरली गेली. आबांचा पत्ता नाही. जायच्या आदल्या संध्याकाळी त्याने पुन्हा फोन लावला. पुन्हा आई, पुन्हा खोकला. तेवढ्यात शेजारी बसलेल्या नानांनी त्याच्या हातातून फोन ओढून घेतला.

"साळवेभाऊ, मी जळगाववरथून घरमालकना बाप बोली रायनू. तुमना पोऱ्या रोज रिकामी खुर्चीना पाया पडस. येवानं व्हई ते या. नई ते सकाय मी बठी जासू तिनावर!"

आणि फोन बंद केला. मी तर कपाळाला हात लावला. शिमोनने भरलेली बॅग उघडून पुन्हा भरायला घेतली. बठ्ठं व्हई जाई, असंसुद्धा म्हणाला नाही. तेव्हा मला पहिल्यांदा त्याची काळजी वाटली.

सकाळी सुरतेकडची पॅसेंजर येऊन गेली आणि थोड्या वेळाने आमचं फाटक वाजलं. धुतलेला पांढरा शर्ट, टोपी, नखांत सिमेंट. मला काही विचारायची गरज पडली नाही. मी बोटाने जिना दाखवला आणि चहा टाकायला वळले.

कप घेऊन वर गेले तेव्हा आबा खुर्चीपाशी उकिडवे बसले होते. खुर्ची डुगडुगते हे त्यांनी आल्या आल्या हेरलं होतं. फरशीची एक खापरी शोधून त्यांनी ती पायाखाली बसवली, खुर्ची हलवून पाहिली, मग तिच्यावर बसले. हात गुडघ्यांवर, फोटोला बसल्यासारखे.

शिमोन समोर उभा राहिला. एवढे महिने घोटलेला नमस्कार, पण हात कुठला वर हेच त्याला आठवेना. कसेबसे गुडघे टेकले, कपाळ टेकलं आणि तो उठेचना. त्याची पाठ हलत होती. आबा बघत राहिले. नाना दारातून म्हणाले, "ऊठ रे भाऊ, गाडी चुकी जाई."

मग आबा बोलले. वर्ष उलटून गेल्यावर, पहिल्यांदा.

"जेवना का रे?"

शिमोनने मान हलवली. मी घाईघाईने चहा पुढे केला, कारण मलाही काहीतरी करायला हवंच होतं. शिमोनने दोन्ही हातांनी कप घेतला आणि सवयीने तोंड वळवलं. नानांनीही वळवलं.

आबांनी एकदा दोघांकडे पाहिलं. मग बशीत चहा ओतला, आमच्या पाण्याच्या टाकीकडे तोंड फिरवलं, आणि ती बशी संपली तरी बराच वेळ ते तसेच बसून राहिले. त्यांना तिकडची रीत कोणी शिकवली नव्हती.