क्लच ऑइल ओके!

गाडीतलं मला सगळं कळतं. निदान त्या रविवारी सकाळपर्यंत तरी कळत होतं!

माझी मेहुणी मोनाली हिच्या साक्षगंधाची बोलणी करायला बुटीबोरीला मुलाच्या घरी निघायचं होतं. आणि सासरे गोविंदराव पहिल्यांदाच माझ्या गाडीत बसणार होते! आजवर "तुम्ही व्हा पुढं जवाई, आम्ही बसनं येतो," म्हणून ते टाळायचे. आज त्यांचा विश्वास कमवायचाच! ब्रेक ऑइलची बाटली आणली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत बॉनेट उघडलं.

सासऱ्यांची सगळी नोकरी खापरखेड्याच्या वीज केंद्रात गेली. तिथली सवय अशी, की एकाने विचारायचं, दुसऱ्याने बघून मोठ्याने सांगायचं, मगच मशीन सुरू. घरातला गॅससुद्धा ते असाच बंद करून घेतात.

"ब्रेक ऑइल?" त्यांनी ओसरीतून विचारलं.

मी डबीवरच्या दोन रेघा पाहिल्या, वरच्या रेघेपर्यंत भरलं. "ब्रेक ऑइल ओके!"

"क्लच ऑइल?"

आली का पंचाईत! दुसरी डबी काही दिसेना. पण 'सापडत नाही' म्हणालो असतो, तर सासरे थेट बस स्टँडवर! तेवढ्यात कोपऱ्यात एक निळं झाकण दिसलं. उघडलं तर आत ठणठणीत कोरडं. बापरे, इतके दिवस क्लच उपाशी! दोन्हींना ऑइल एकच लागतं, म्हणून उरलेली बाटली त्यात रिकामी केली.

"क्लच ऑइल ओके!"

"शाबास. बसा वं पोरीहो," म्हणत सासरे चक्क पुढच्या सीटवर बसले. माझी छाती इतकी फुगली की सीटबेल्ट लागेना.

वर्धा रोडवर एका ट्रकने धूळ उडवली.

"काच धुवा जवाई. मले तं काही दिसूनच नाही राहिलं."

मी बटन दाबलं. फुर्रर्र! पिवळट, चिकट धार काचेवर आली आणि बाळाला तेल चोळावं तसं वायपरने ती सगळीकडे नीट चोळली. रस्ता गायब! मी ब्रेक दाबला. ब्रेक मात्र एक नंबर लागला.

गाडी कशीबशी कडेला घेतली.

"काय टाकलं तुम्ही त्याच्यात?" सासऱ्यांनी विचारलं.

"क्लच ऑइल."

मागून माझी बायको मेघा म्हणाली, "अहो, आपल्या गाडीत ब्रेक अन् क्लचले एकच डबी आहे. निळं झाकण काच धुवायच्या पाण्याचं. मी सांगणारच होती, पण तुम्ही ओके-ओके करून राहिले होते."

"गाडीचा रंग खाते हे ऑइल," म्हणत सासऱ्यांनी प्यायचं सगळं पाणी बॉनेटवर ओतलं. मोनालीने ऑटोला हात केला.

मुलाकडची मंडळी दारातच उभी होती. "गाडी नाही आणली?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

सासऱ्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हे आमचे मोठे जवाई," ते म्हणाले. "यायनं सकाळी सोता गाडी चेक केली. म्हणून ऑटोनं आलो."