सोहोनी डॉक्टरांचे तीन वर्ग

सोहोनी डॉक्टर माणसाच्या तोंडाकडे शेवटी बघत. आधी पाय. लग्नात मंडळी पंगतीला बसली की हे वाढपाकडे न बघता तळवे बघत फिरायचे. जखम दिसली की विचारायचे, "दुखतंय का?" हो म्हटलं की खूश. नाही म्हटलं की तिथंच बसकण मारायचे. मधुमेहात पाय बधिर होतो, म्हणून न दुखणारी जखमच वाईट, हे त्यांचं म्हणणं दुसऱ्या महायुद्धाआधीच्या लोणावळ्यात कोणालाच पटत नसे.

जखमांचे त्यांनी आगगाडीसारखे तीन वर्ग केले होते. लाली कडेपुरतीच असेल तर थर्ड, घरी पट्टी. दोन बोटं पसरली तर सेकंड. हुडहुडी भरून ताप आला की फर्स्ट. थेट पुणं, आणि पाय बहुधा तिथंच ठेवून यायचा. तुंगार्लीच्या एका शेटजींना ते आनंदानं म्हणाले, "तुम्ही थर्ड क्लास!" शेटजींनी पुन्हा बोलावलं नाही.

माझे शेजारी इब्राहिमभाई, कंदिलांचे दुकानदार, सेकंडात निघाले. डॉक्टरांनी लालीभोवती शाईची रेघ ओढली. "लाली रेघेबाहेर गेली तर पुणं."

दुसऱ्या दिवशी रेघच गायब.

"नमाजाआधी पाय धुतो न्हवं, डाक्टर."

"मग मी काय डोंबल मोजू?"

"वरडू नगा. न्हाई दुखत."

"तेच तर!" डॉक्टर दुकानभर फेऱ्या मारू लागले.

आतून भाभी म्हणाल्या, "मेंदीनं वढू का रेघ? ती न्हाई जायची."

डॉक्टर थबकले. "ओढा. जखमेपासून लांब. आणि वेलबुट्टी नको हं!"

सकाळी ते माझ्या दारात उभे. सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली. "तुम्ही चला. हिशेबी माणूस आहात, रेघ बघा."

"मी? डॉक्टर तुम्ही आहात."

"मी बघितली तर मला लाली आतच दिसणार. या गावात मला घरात बोलावून चहा देणारा हा एकटाच आहे हो."

इब्राहिमभाईंनी पाय पुढे केला. ताप आला नव्हता. डॉक्टर रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. लाली मेंदीच्या आत होती, चांगलं अर्धं बोट. मी तसं सांगितलं.

"परत बघा."

मी परत बघितलं. "आतच आहे."

भाभींनी चहा आणला. डॉक्टरांनी कप घेतला, आणि सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरला.