लेझीम पथकातील हास्यनिर्मूलन

मराठी मंडळाच्या लेझीम पथकातल्या बायका सरावाच्या वेळी हसतात, ही गंभीर बाब कार्यकारिणीच्या निदर्शनास मार्चच्या दुसऱ्या शुक्रवारी आली. आणून दिली ती सांस्कृतिक चिटणीस धैर्यशील निमसे यांनी. मूळ गाव नाशिक, मुक्काम कुवेतमधलं रिग्गई, हुद्दा तेल कंपनीत प्लॅनिंग इंजिनिअर. हसणाऱ्या सोळा जणींत त्यांची पत्नी सुजाताही होती, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात मोठ्यानं तीच हसत होती.

तुम्ही म्हणाल, हसल्या तर हसल्या, बिघडलं काय? बिघडलं असं की धैर्यशीलराव नुकतेच कंपनीचं तीन दिवसांचं नेतृत्व शिबिर करून आले होते. पंचतारांकित हॉटेल, चारी ठाव जेवण आणि शेवटी प्रमाणपत्र. तिथे एका सल्लागारानं सुन त्झू नावाच्या अडीच हजार वर्षांपूर्वीच्या चिनी सेनापतीची दंतकथा सांगितली. वू राज्याचा राजा त्याला म्हणाला, माझ्या राणीवशातल्या बायकांना कवायत शिकवून दाखव. सेनापतीनं दोन तुकड्या केल्या, राजाच्या दोन लाडक्या राण्यांना प्रमुख नेमलं आणि हुकूम सोडला. बायका खुदुखुदू हसल्या. त्यानं हुकूम पुन्हा समजावला, त्या पुन्हा हसल्या. तेव्हा राजा नको नको म्हणत असताना त्यानं त्या दोघींची मुंडकी उडवली. मग काय, बाकीच्या अशा सरळ चालल्या की पट्टी लावून बघावं. शिबिरातले समस्त इंजिनिअर वा वा म्हणाले. धैर्यशीलरावांनी गोष्ट वहीत उतरवली आणि खाली दोन रेघा मारल्या.

पुढच्या शुक्रवारी खैतानमधल्या तळघरातल्या हॉलवर ते गळ्यात शिट्टी आणि पायात सेफ्टी शूज अशा थाटात हजर झाले. बायका हसल्या. त्यांनी लेखी सूचना काढली. ती वाचून बायका जास्तच हसल्या. मग कंपनीच्या धर्तीवर ‘हास्यघटना नोंद अर्ज’ तयार झाला. पहिला रकाना घटनेच्या कारणाचा, दुसरा पुन्हा घडू नये म्हणून करायच्या उपायाचा. सोळाही अर्ज वेळेत भरून आले. पहिल्या रकान्यात सगळ्यांनी ‘निमसे सर’ असं लिहिलं होतं, दुसरा आदरापोटी कोरा सोडला होता.

आता शास्त्राप्रमाणे तुकडीप्रमुख नेमणं आलं. राजा म्हणजे अर्थातच मंडळाचे अध्यक्ष अरुणराव. त्यांची पहिली लाडकी म्हणजे त्यांची पत्नी चारुशीलाबाई, यावर कार्यकारिणीचं एकमत झालं. दुसरी लाडकी कोण, या विषयावर पाऊण तास चर्चा चालली आणि अरुणरावांना सारखं पाणी प्यावं लागलं. चारुशीलाबाईंना त्या चर्चेला निमंत्रित म्हणून बसायची फार इच्छा होती, पण ते नियमात बसेना. अखेर अध्यक्षांना सुजाताच्या अळूवड्या विशेष आवडतात, अशी इतिवृत्तात नोंद करून दुसरी जागा तिला देण्यात आली. दोघी प्रमुख झाल्या, आणि पहिल्याच शिट्टीला एकमेकींकडे बघून हसत सुटल्या.

राहता राहिला शिरच्छेद. परमुलखात तलवार चालत नाही, म्हणून मंडळात ते काम व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करतो. ग्रुपमधून काढलं की माणूस संपला. सत्यनारायण कुणाकडे आहे, नाशिकहून कोण येतंय, कुणाच्या बॅगेत दोन किलो जागा आहे, हे त्याला जन्मात कळत नाही.

“जाऊ द्या हो निमसे,” अरुणराव काकुळतीला आले. “हे करून घरी कुठल्या तोंडानं जाल?”

“सेनापती एकदा मैदानात उतरला की राजाचंही ऐकत नाही,” असं म्हणून धैर्यशीलरावांनी दोनदा अंगठा दाबला.

तीनशे चाळीस सदस्यांनी ते पाहिलं. सहा जणांनी नमस्काराचे हात टाकले, ते कशासाठी हे त्यांनाही ठाऊक नसावं.

महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात उरलेल्या चौदा जणी बिनचूक खेळल्या. चेहरे सगळ्यांचे सिव्हिल आयडीवरच्या, म्हणजे कुवेतच्या ओळखपत्रावरच्या फोटोसारखे. खेळ संपल्यावर प्रेक्षकांनी आधी धैर्यशीलरावांकडे पाहिलं, त्यांनी मान डोलावल्यावर टाळ्या वाजवल्या. त्यांना शिस्तीबद्दल ढाल मिळाली.

घरी मात्र अवघड झालं. सुजाता भांडली असती तर बरं झालं असतं. ती ‘धैर्या’ म्हणायची ती ‘निमसे सर’ म्हणू लागली. विचारलं तेवढंच उत्तर. त्यांच्या विनोदावर ती नीट लक्ष देऊन मान हलवायची. वीस वर्षांपूर्वी खैतानच्या एका खोलीत, ऐन ऑगस्टात एसी बंद पडलेला असताना, ही बाई पोट धरधरून हसली होती, आणि त्या हसण्याच्या जोरावर त्यांनी कुवेतमधली वर्षं काढली होती. आता ते हसू गेलं.

दोघींना परत घ्यावं म्हणून धैर्यशीलरावांनी स्वतः अर्ज केला. कार्यकारिणीनं तो नामंजूर केला. मूळ कथेत मुंडकी परत बसवल्याचा दाखला आढळत नाही, असा शेरा मारला. खाली सही अरुणरावांची, जे हल्ली नाश्ता फरवानियाच्या हॉटेलात करत होते.

शनिवारी सकाळी धैर्यशीलरावांनी स्वतः चहा करून तिच्यापुढे ठेवला. “सुजा, चुकलं माझं. एकदा हस ना.”

“सर, एक शंका आहे,” सुजाता म्हणाली. “ती गोष्ट तुम्ही मला वीसदा तरी ऐकवलीत. सेनापतीचं नाव सांगितलंत, राज्याचं सांगितलंत. त्या दोघींची नावं काय होती?”

धैर्यशीलरावांनी वही उघडली. वहीत नव्हती. फोनवर शोधली, सापडली नाहीत. सल्लागाराला फोन केला, तो म्हणाला, ते पुढच्या शिबिराच्या अभ्यासक्रमातही नाही. शेवटी त्यांनी ग्रुपवरच विचारलं, कुणाला ठाऊक आहेत का? तीनशे अडतीस जणांनी वाचलं. बेचाळीस अंगठे आले आणि एकानं लिहिलं, छान माहिती, पुढे पाठवतो.

तुम्ही हसू नका. वर त्या दोघींची मुंडकी उडाली तेव्हा तुम्हीही नाव न विचारता भराभर पुढच्या ओळीवर गेलात.