लागू नसेल ते खोडा

गणिताचे सर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती आणि या सहा वर्षांत एकही मूल त्यांच्यापुढे बसलं नव्हतं. त्यामुळे वाचनालयाच्या बालविभागाचा मेल आला, तेव्हा त्यांनी तो तीनदा वाचला. शनिवारी येणार की रविवारी, लहान गट हवा की मोठा, गोष्टी सांगणार की गणिताच्या गमती घेणार, असे तीन साधे प्रश्न ग्रंथपालबाईंनी पर्याय शेजारी शेजारी लिहून विचारले होते.

सरांचं मन केव्हाच ठरलं होतं. तीस वर्षं त्यांनी गणित शिकवलं होतं. म्हणजे तीस वर्षं मुलं त्यांना लांबून पाहूनच दुसऱ्या जिन्यानं उतरली होती. आता एकदा तरी मुलांनी भीतीपोटी नव्हे, तर ऐकायला म्हणून समोर बसावं, एवढीच त्यांची इच्छा होती. तेव्हा गोष्ट. फक्त गोष्ट.

उत्तर कसं लिहायचं, हेही ठरलेलंच होतं. प्रत्येक अर्जावर छापलेलं असे, "लागू नसेल ते खोडा", आणि सर पट्टी लावून खोडत. सूनबाईकडून त्यांनी मेलमधले शब्द खोडायची आणि लाल रंग आणायची युक्ती शिकून घेतली. उत्तर देताना बाईंचा मेल खाली आपोआप आलाच होता. त्यातच सरांनी रविवार खोडला, मोठा गट खोडला, गणित जरा जोर लावूनच खोडलं, प्रत्येक ओळीशेवटी लाल अक्षरांत "चालेल" लिहिलं आणि पाठवून दिलं.

"बाबा, वर दोन ओळींत सरळ उत्तर लिहायचं ना," सूनबाई म्हणाली.

"विचारलंय तिथंच उत्तर द्यावं. पेपर असाच सोडवतात."

दुसऱ्या दिवशी बाईंचं उत्तर आलं. दोन्ही दिवस, दोन्ही गट, गोष्टी आणि शिवाय गणितसुद्धा. इतका मोठ्या मनाचा पाहुणा आजवर मिळाला नव्हता, असं त्यांनी लिहिलं होतं.

सरांनी आपला मेल उघडून पाहिला. खोडलेलं खोडलेलंच होतं आणि लाल लालच. बाई घाईत असतील, असं म्हणून त्यांनी पुन्हा सगळं खोडलं आणि "चालेल" इतकं मोठं केलं, की सूनबाईला ते स्वयंपाकघरातून वाचता आलं. बाईंचं उत्तर आलं, की होकार पुन्हा मिळाला, आभारी आहे. सरांनी तिसऱ्यांदा खोडलं. एव्हाना त्या मेलच्या पोटात आधीचे सगळे मेल जाऊन बसले होते आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला 'पेक्षा मोठे'च्या चिन्हांची रांग लागली होती. जितका मेल जुना, तितकी चिन्हं जास्त, असं सूनबाईनं समजावलं. ती चिन्हं सरांच्या घरचीच. पण इथे कोण कोणापेक्षा मोठं आहे, ते काही त्यांना कळेना.

तिसऱ्या उत्तरात बाईच गोंधळल्या होत्या. माझंच पत्र मला सारखं परत का येतंय ते समजलं नाही, असं लिहून त्यांनी कळवलं होतं, की उद्या फळ्यावर सूचना लागेल: शनिवारी गणित, रविवारी गोष्टी.

सरांनी सूनबाईला हाक मारली. "अगं, शनिवारी गणित घेतल्यावर रविवारी येणार कोण?"

सूनबाईनं तो मेल रंगीत छापून दिला आणि कागद घेऊन सर तडक वाचनालयात गेले. बालविभागात एक बाई कानात इअरफोन घालून भराभर टाइप करत होत्या. समोरचा पडदा मात्र काळा ठिक्कर. बंद कॉम्प्युटरवर ही काय बडवतेय, असं सरांना वाटलं. पण स्वतःची ओळख सांगून त्यांनी कागद पुढे केला.

"हे बघा बाई. लाल काय आहे आणि खोडलेलं काय आहे."

बाईंनी हातानं कागद चाचपला. "सर, मला लाल दिसत नाही. कागदही दिसत नाही. माझा कॉम्प्युटर वाचून दाखवतो, मी ऐकते."

त्यांनी इअरफोनची पिन कॉम्प्युटरमधून काढली आणि कॉम्प्युटर धावत्या आवाजात वाचू लागला, "पेक्षा मोठे पेक्षा मोठे शनिवार रविवार चालेल. पेक्षा मोठे पेक्षा मोठे लहान गट मोठा गट चालेल. पेक्षा मोठे पेक्षा मोठे गोष्टी गणिताच्या गमती चालेल."

"यात खोडलेलं कुठाय?" सरांनी विचारलं.

"आवाजात खोडलेलं येत नाही ना."

"मी अक्षरं मोठी केली होती हो."

"आवाज तेवढाच आला. आणि दर ओळीला पेक्षा मोठे, पेक्षा मोठे. म्हटलं, या माणसाचा गणितावर फारच जीव आहे."

मग बाईंनी त्यांना शांतपणे समजावलं. आपलं उत्तर सगळ्यात वर, आपल्या शब्दांत लिहायचं. जे नको ते 'नको' असं लिहायचं. आणि खालची जुनी पत्रं काढून टाकायची. सर त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले आणि एका बोटानं एक एक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं. कॉम्प्युटरनं वाचलं, "शनिवार. लहान गट. गोष्ट सांगेन. गणित नको." त्याच दुपारी फळ्यावर तशीच सूचना लागली.

शनिवारी वीसेक मुलं आली आणि भिंतीला टेकून लांब बसली. सरांनी घसा साफ केला.

"एका डोंगरावर सतरा ससे राहत होते. एकदा सोसाट्याचा वारा सुटला आणि त्यातले निम्मे ससे घाबरून पळाले."

"निम्मे म्हणजे साडेआठ?" एका मुलीनं विचारलं.

सरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तीस वर्षांत फळ्यावर अशी चूक झाली नव्हती. तेवढ्यात दुसरा म्हणाला, की अर्धा ससा पळेलच कसा. तिसरीचं म्हणणं पडलं, की तो बिळाच्या दारातच अडकला असेल, अर्धा आत, अर्धा बाहेर. मग तो धरायचा कुठल्या गटात, यावर वाद पेटला आणि बोटं मोजत, एकमेकांना ढकलत सगळी मुलं सरांच्या गुडघ्यांपर्यंत सरकली.

"सर, पोरं काय म्हणतायत?" गलका ऐकून बाई टेबलामागून उठून आल्या. "गोष्ट चाललीय की गणित? पुढच्या आठवड्याची सूचना काय लावू?"

सरांच्या मांडीवर कुणीतरी सतरा बोटांसाठी दोघांचे हात गोळा करत होतं. त्यांनी पुष्कळ विचार केला, पण त्यांना काही ते सांगता येईना.